वाचनालयाची लूट आणि चार ओळींचा खुलासा

बसा, माझ्या सगळ्यात गाजलेल्या बातमीची गंमत सांगतो. ती गाजली एवढंच खरं, आतला मजकूर सगळा खोटा!

दौंडातलं आमचं वाचनालय. घरोघरी केबल आली आणि पुस्तकं न्यायला कुणी येईना. मीही सभासद, पण नावापुरता. एका रविवारी डोकावलो, तर चिटणीस गायकवाड सर कपाटांवर चिठ्ठ्या चिकटवत होते. प्रत्येक चिठ्ठीवर एकच नाव: इनामगाव.

"सर, हे काय चाललंय?"

"यादी करतोय. संस्था बंद करायचीय. पुढच्या रविवारी सभेला या, सगळं सांगतो."

सभेपर्यंत थांबेल तो वार्ताहर कसला? इनामगाव म्हणजे सरांची सासुरवाडी! मी पेटलोच. दोन दिवसांत मथळा झळकला: 'वाचनालयाची लूट, कपाटे निघाली सासुरवाडीला!'

सभेला पाच-सहा टाळकी आली. सरांनी माझ्यापुढं नियम ठेवले. संस्था मोडली तरी उरलेल्या वस्तू सभासदांना वाटून घेता येत नाहीत. तशाच कामाच्या दुसऱ्या संस्थेला द्याव्या लागतात. इनामगावच्या बौद्ध वस्तीत तरुणांनी रीतसर संस्था नोंदवून अभ्यासिका काढली होती. बारावीच्या पोरी तिथं बसायच्या. बाकं होती, पुस्तक एकही नव्हतं. आणि संस्था मोडायला एकूण सभासदांत पाचांमागं तिघांचा होकार हवा; माझी बातमी वाचून बाकीचे तर सभेला फिरकलेच नव्हते.

"माणसं आता तुम्हीच जमवा," सर शांतपणे म्हणाले. चिडले असते तर बरं वाटलं असतं हो!

मी खुलासा छापून आणला. चार ओळी, आतलं पान. मग एम-एटी काढली आणि पाटसला गेलो, आप्पांकडं. आप्पा ऊसवाले, वाचनालयाचे जुने सभासद.

"आप्पा, सभेला चला. पोरींची पुस्तकं अडलीत."

"न्हाई बाबा. त्यात लूट हाय. पेपरात आलंय."

"अहो, ते मीच लिहिलंय!"

"तुमी? मग तर खरंच आसंल."

"चुकलं माझं! खुलासा नाही का वाचला?"

आप्पांनी इकडंतिकडं पाहिलं, खुर्ची जवळ ओढली आणि हळूच विचारलं, "वाचला की. दाब कुणाचा आला वो तुमच्यावर?"

खुलासा आला की समजायचं, कुणीतरी दाबलं. दरवेळी दाब आल्यावरच खुलासा छापून हे तालुक्याला शिकवलं कुणी? मीच!

माणसं जमेपर्यंत सहा महिने गेले. पुस्तकं इनामगावला पोचली, तेव्हा पोरींची बारावी होऊन गेली होती.

या दिरंगाईची एक ओळ कुठल्या पेपरात आली नाही. येणार कशी? तालुक्याचा वार्ताहर मी!