अक्कांचा स्वभावदोष

वेड्यांच्या वॉर्डातल्या अक्का कधी आवाज चढवत नसत, आणि त्यामुळेच मोठ्या डॉक्टरसाहेबांना त्यांचा धाक वाटे. स्वराज्य नुकतंच आलं होतं. धुळ्याच्या आमच्या दवाखान्यात भिंतीवरचा राजा उतरला होता; त्याखालची खुर्ची आणि खुर्चीतली ऐट मात्र जागच्या जागी होती. मी नवी नर्स, अक्का वॉर्डाच्या मुख्य.

दोरांनी बांधून आणलेला माणूस आला की अक्का आधी गाठी सोडायला लावत. शेजारी बसून विचारत, "कसा शे भाऊ? जेवना का?" बरेच जण तेवढ्यानंच निवत. जे निवत नाहीत त्यांच्यापासून हातभर लांब बसावं, असं त्या आम्हाला बजावत आणि स्वतः विसरत.

सोनगीरच्या एका तांबटाजवळ त्या अशाच विसरल्या. पातेली ठोकणारा हात तो; अक्कांच्या तोंडावर बसला आणि पुढचा दात गेला. रक्त पुसून त्यांनी आधी त्याला पाणी पाजलं.

दुसऱ्या दिवशी चौकशी झाली. नर्सला मार बसतो तो तिच्या स्वभावातल्या उणिवेमुळे, असं साहेबांचं शास्त्र होतं. साहेब स्वतः रोगी दारातूनच तपासत, त्यामुळे त्यांच्या स्वभावात उणीव निघायची सोय नव्हती. तुम्ही त्याला असं काय केलंत, हेच ते फिरून फिरून विचारत राहिले. अक्कांनी सगळं ऐकून घेतलं. मग पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, "साहेब, त्यानं मारलं ते आजारात. तुम्ही हे विचारताय ते कशात?"

स्वभावदोष जागीच सिद्ध झाला. अक्कांची जळगावला, बाळंतिणींच्या वॉर्डात बदली ठरली.

सरकारी हुकूम तो. येईपर्यंत तांबट बरा झाला. घरी निघताना पाया पडायला आला आणि थबकला. "अक्का, तुमना दात कसा पडना?" त्याला काहीच आठवत नव्हतं. मोरीत पाय घसरला, अक्कांनी सांगितलं. त्यावर त्यानं मलाच फैलावर घेतलं, की एवढ्या जणी असून मोरी कोरडी ठेवता येत नाही का? मी मान खाली घालून ऐकून घेतलं. अक्का पदराआड हसत होत्या. त्याच आठवड्यात त्या गेल्या.

पुढे मी मुख्य झाले. एखाद्या मुलीचा गाल सुजला की मी तिला आधी माझ्या खुर्चीत बसवी, चहा मागवी. "तू काय केलंस?" असं माझ्या वॉर्डात कुणी विचारत नसे. रोग्यालाही नाही.