कड्यातली काळी फट

शनिवारी देवळापुढे सांडलेल्या तेलाचा खवट वास आला की माझी मलाच शिसारी येते. बोनकोड्याच्या आमच्या अंगणात लेकीने दिवेलागणीनंतर दुर्बीण लावली होती. तिला साडेसाती, म्हणून तिचं जुळत आलेलं लग्न मी अडवून धरलं होतं.

"बाबा, तुमचा शनी बघा तरी."

पिवळा गोळा, भोवती कडं, आणि त्या कड्यात केसाएवढी काळी फट.

"बापाला फसवतेस? काचेवर चित्र चिकटवलंस."

"मग ते सरकतंय कसं?"

खरंच हळूहळू सरकत होतं. माझी शाळा चौथीपर्यंतच, पण डोळे शाबूत होते. मला सगळं स्पष्ट दिसलं. तरी सकाळी उठून मी मुलाकडच्यांना नकार कळवला.