वीस बोंडांतला काळा डाग

विसावं बोंड मशीनमधून बाहेर आलं आणि आमचे प्रमुख, सर, खुर्चीतून उठलेच. "वीसपैकी वीस! पुढच्या आठवड्यात प्रकल्पाच्या कमिटीला हेच दाखवायचं."

मी वर्ध्याच्या एका प्रयोगशाळेत एमआर मशीन चालवते. दवाखान्यातल्या एमआरआयचंच हे धाकटं भावंड. यात माणूस मावत नाही, कपाशीचं बोंड आरामात मावतं. गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत बसून सरकी खाते. बाहेरून काही कळत नाही. बोंड न कापता ती दिसते का, एवढाच आमचा प्रश्न. मशीन चुंबकाच्या जोरावर आतल्या पाण्याचा सिग्नल घेतं. ओला भाग पांढरा दिसतो, अळीनं पोखरलेली पोकळी काळी. आमच्या वीसही बोंडांत देठाजवळ वाटाण्याएवढा काळा डाग होता.

बोंडं समुद्रपूरकडच्या शोभाताईंच्या शेतातली. दुपारी त्यांचा फोन आला.

"म्याडम, माह्या बोंडाइचं काय निघालं?"

"सगळ्यांत पोकळी दिसतेय, ताई."

"सगळ्याइत? बरं झालं सांगतलं."

काय बरं झालं, हे मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोंडं कापायला घेतली. चित्रात दिसलं ते खरंच आहे का, हे शेवटी कापूनच बघावं लागतं. पहिलं बोंड स्वच्छ. दुसरंही. पाच कापली, पाचही शाबूत. अळी नाही, पोकळी नाही.

सर म्हणाले, "नीट काप."

"आणखी कसं कापू, सर?"

मशीन तपासलं. पाण्याच्या बाटलीचं चित्र चोख आलं, म्हणजे मशीन ठीक. मग न कापलेलं एक बोंड आत ठेवलं आणि एको टाइम कमी केला. एको टाइम म्हणजे मशीन बोंडाला हाक मारतं आणि उत्तर ऐकतं, त्यामधला वेळ. वाटाण्याएवढा डाग मसुरीएवढा झाला. खरी पोकळी एवढी आक्रसत नाही. लोखंडाचं मात्र असं होतं. त्याचा बारीक कणही आजूबाजूचं चुंबकीय क्षेत्र बिघडवतो आणि चित्रात स्वतःपेक्षा कितीतरी मोठा काळा डाग पाडतो.

पण कपाशीच्या बोंडात लोखंड कुठून येणार?

शोभाताईंना फोन लावला. तिसऱ्यांदा उचलला. मागे घरघर चालू होती.

"ताई, बोंडांना काही लावलं होतं का?"

"गेरू लावला होता. मजुराइनं तोडू नाई म्हून देठापाशी बोट फिरवलं. मंग धुऊन देल्ली ना, म्याडम. तुमच्या मशीनले घाण काऊन द्यावी?"

गेरू म्हणजे लोहाची माती. धुतल्यावरही ती देठाच्या खाचेत राहिली होती.

"तो आवाज कशाचा येतोय?"

"ट्रॅक्टरले रोटावेटर लावला. तुमीच तं सांगतलं, सगळी बोंडं गेली म्हून. मोडून हरभरा पेरून राह्यलो."

"थांबवा, ताई! बोंडं चांगली आहेत. चूक माझी झाली."

"ओ भाऊ, थांबवा!" त्या ओरडल्या. ट्रॅक्टर लगेच थांबला नाही.

नवी बोंडं आणायला मी एसटीनं समुद्रपूरला गेले. शोभाताईंनी आधी चहा दिला, मग मोडलेल्या चार ओळी दाखवल्या. मातीत हिरवी बोंडं पडली होती. मी माफी मागितली.

"चार गेल्या, बाकीचं राह्यलं," त्या म्हणाल्या. "पण पक्कं झाल्याबिगर सांगत नका जाऊ, म्याडम."

या वेळी खुणेला गेरूऐवजी सुती दोरा बांधला. वीसपैकी तीन बोंडांत डाग दिसला. सगळी कापली. त्या तिन्हींत अळी निघाली. चौथ्या एका बोंडातही निघाली, ती मशीनला दिसलीच नव्हती. सरांनी कमिटीला हेच आकडे दाखवले. टाळ्या वाजल्या नाहीत, पण काम पुढे चालू ठेवायला सांगितलं.

आता नमुन्यासोबतच्या फॉर्मवर एक जादा रकाना आहे: "नमुन्याला काय लावलं?" आणि बोंड कापून बघेपर्यंत मी शेतकऱ्यांना एकच उत्तर देते, "अजून माहीत नाही." ते कुणालाच आवडत नाही. पण त्यावर कोणी ट्रॅक्टर बोलावत नाही.