रतनबाईंचा भरडा

इंदापुरात पंधरा वर्षं मास्तरकी करून मी स्वतःला फार शहाणा समजत होतो. सत्त्याण्णव साली ते शहाणपण एका काचेच्या भांड्यानं उतरवलं. बहिणीनं जर्मनीहून पाठवलेलं फ्रेंच प्रेस. त्यात कॉफी आणि उकळतं पाणी घालायचं, चार मिनिटं दम धरायचा आणि जाळी लावलेला दांडा हळूच खाली दाबायचा. बंगळूरच्या मित्रानं भाजलेल्या बियाही पाठवल्या. त्या घेऊन मी गल्लीतल्या रतनबाईंच्या पिठाच्या गिरणीत गेलो.

रतनबाई बाहेर गेल्या होत्या, गिरणीवर त्यांचा मुलगा मल्हार होता. त्याला गिरणी मोडून तिथं एसटीडी बूथ टाकायचा होता. बटण दाबलं की पीठ पडतं, त्यात माणसाचं काम काय, असं तो आईला रोज ऐकवायचा. नवऱ्यामागं त्याच गिरणीवर पोराला वाढवलेल्या रतनबाई आतल्या आत कुढायच्या. रविवारी यंत्र न्यायला भंगारवाला येणार होता.

मल्हारनं बटण दाबलं आणि मैद्यासारखी बारीक कॉफी हातात दिली. माझ्यामागं यशोदाकाकूंची ज्वारी होती, तिलाही वास लागला. त्यांच्याकडं दोन दिवस कॉफीच्या भाकरी झाल्या आणि सासऱ्यांनी एक जास्तीची मागून घेतली. माझ्या घरी त्याहून बहार. दांडा निम्म्यावर अडकला. मास्तर हार कशी मानणार? दोन्ही हातांनी रेटला. कॉफी थेट छताला आणि तिथून माझ्या टकलावर. बायको हसून हसून खाली बसली.

शनिवारी उरलेल्या बिया, ती पूड आणि भांडं घेऊन पुन्हा गिरणी गाठली. रतनबाईंनी जाळी उजेडात धरली, तिच्यावरून बोट फिरवलं.

"सर, हिला पीठ न्हाय चालायचं. भरडा पायजे."

त्यांनी चाक फिरवून गिरणीचे दगड सैल केले. आतलं पीठ निघून जावं म्हणून आधी मूठभर बिया दळून फेकून दिल्या. मग चिमटीत दाणा चोळत, चाक जरा इकडं, जरा तिकडं करत बाकीच्या भरडल्या. तिथंच स्टोव्हवर पाणी उकळलं. दांडा मी मुद्दाम मल्हारला दाबायला दिला. तो न अडकता अलगद तळाला गेला.

सगळा जन्म दुधाच्या चहावर काढलेल्या रतनबाईंनी गूळ घालून दोन कप काळी कॉफी रिचवली. मग त्यांना जी तरतरी आली ती काही विचारू नका. हसत, बडबडत त्यांनी दगड झाडून पुन्हा आवळले आणि रांगेतले अकरा डबे तासाभरात दळून दिले. मल्हार मात्र एका तळहातावर परवाची पूड, दुसऱ्यावर आजचा भरडा घेऊन बघत उभा होता.

"आई," तो म्हणाला, "गिरणी तीच, बिया बी त्याच."

"व्हय."

"मग तू चाक किती सैल केलंस?"

रतनबाई हसता हसता रडायलाच लागल्या. मलाही भरून आलं, उगाच लपवत नाही.

रविवारी सकाळी भंगारवाला हातगाडी घेऊन आला. भुवयांपर्यंत पिठानं पांढऱ्या झालेल्या मल्हारनं चाकावरचा हात न काढता त्याला विचारलं, काय दळायचंय?