भालदारावरचा उजेड

आमच्या पेणच्या नाटक मंडळीत राजे पुष्कळ होऊन गेले. मीही त्यातलाच. दिवेवाला मात्र एकच, जनू. कासूकडचा, खाडीकाठच्या मिठागरात राबणारा. दिवे टांगून झाले की तो आम्हा राजांकडे ढुंकूनही बघायचा नाही. आपल्या सात वर्षांच्या पोरीला, नूतनला, रंगमंचाच्या पार टोकाला, भालदाराच्या जागी उभी करायचा आणि स्वतः प्रेक्षकांच्या शेवटच्या सतरंजीवर जाऊन बसायचा.

"राजाचं तोंड कोण पण दाखवील," तो म्हणायचा. "भालदाराचं दिसतंय का नाय, ते बघा."

पोरीचा चेहरा दिसेपर्यंत पडदा उघडत नसे. मी मुकुट घालून विंगेत चरफडत असायचो. त्या चरफडीची आज लाज वाटते.

पुढे जनू गेला, मंडळीही मोडली. नूतन वायरमन झाली, पण रोह्याच्या ठेकेदाराने तिला सहा वर्षं मदतनीसच ठेवलं. मग तिथे एक वर्ग निघाला. ऑफिसं, दुकानं यांतली दिव्यांची यंत्रणा ऊर्जा संहितेप्रमाणे चालते का, हे तपासणाऱ्यांना प्रमाणपत्र देणारा. माणूस खोलीत असेपर्यंत दिवा राहिला पाहिजे, गेला की आपोआप विझला पाहिजे, अशा चाचण्या. प्रमाणपत्र मिळालं तर नूतन तपासनीस होणार होती. पहिल्या खेपेला ती नापास झाली. दुसरी खेप शेवटची.

प्रात्यक्षिक परीक्षा रोह्याजवळच्या वरसे गावातल्या एका नव्या इमारतीत होती. परीक्षक पुण्याचे महिपती सर. इमारतीचा सुपरवायझर जगन. इमारतीचं उद्घाटन दोन दिवसांवर आलेलं. आतल्या बाजूला एक बिनखिडकीची खोली होती, छताला माणसाची हालचाल टिपणारा सेन्सर. परीक्षेपुरता तो पाच मिनिटांवर लावला होता, तेवढ्यात हालचाल दिसली नाही की दिवा बंद. अकरा उमेदवारांनी त्याच्या खाली उभं राहून हात हलवला, दिवा लागला. बाहेर गेले, विझला. झाली परीक्षा.

नूतननेही ते केलं. मग ती उंच कपाटाआडच्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसली आणि फॉर्म भरू लागली. लिहिता लिहिता दिवा विझला. तिने बाहेर येऊन फॉर्मवर त्या खोलीपुढे ठळक अक्षरांत 'नापास' लिहिलं.

जगन हसला. नाटकवाल्याची पोर, पुतळा होऊन बसली असणार, असं म्हणाला. नूतनने फॉर्म त्याच्यासमोर धरला. चार ओळी नीट होत्या, पाचवी अंधारात वाकडी गेलेली.

महिपती सर वाईट नव्हते, दमलेले होते. चाचणी सेन्सरखालीच घेतात, अकरा जण काय चुकले का, शेरा बदल, नाहीतर मला तुलाच नापास करावं लागेल, असं त्यांनी समजावलं. नियमात वापरातली सगळी जागा म्हटलंय, ती म्हणाली, आणि शेरा बदलला नाही. दाखव कुठे म्हटलंय, म्हणून सर पुस्तिका घेऊन त्याच खुर्चीवर बसले. नूतन त्यांच्या खांद्याशी, कपाटाच्या आडच उभी. जगन बाहेर पॅसेजमध्ये फोनवर. सर पानं उलटत राहिले. ओळ सापडली, आणि तेवढ्यात दिवा विझला.

"जगन, आत येऊन जरा हात हलव," अंधारातून सर म्हणाले.

"नाय हलवायचा," नूतन म्हणाली. "उद्या इथं बसणारी बाई काय दिवसभर हात हलवत बसंल, सर?"

जगन दारातच थांबला. सरांनी मोबाइलचा टॉर्च लावला, तिच्या 'नापास'खाली सही केली आणि तिच्या निकालपत्रावर 'उत्तीर्ण' लिहिलं. बाकीच्या अकरा जणांना पुन्हा खोलीत बोलावलं. सेन्सरची जागा बदलेपर्यंत उद्घाटन आठ दिवस पुढे गेलं. जगन अजून तिच्याशी बोलत नाही. तिचं काही अडलेलं नाही.

परवा ती प्रमाणपत्र दाखवायला घरी आली. पेढा माझ्या हातावर ठेवला आणि छताकडे बघू लागली.

"अण्णा, तुमच्या खुर्चीवर उजेड नाय पडत."

मी म्हटलं, राहू दे गो, आता कुणाला माझं तोंड बघायचंय?

तिने स्टूल ओढलं आणि पिशवीतून पक्कड काढली.