सुंदराताईला बघायला आले तेव्हा

तपकिरीच्या वासाची मला अजून किळस येते. माझी चुलतबहीण सुंदराताई युरोपभर ऑपेरा गायची, लोक तिकीट काढून ऐकायचे. आणि ती सुट्टीत तंजावूरला आली, तर आम्ही तिला पाटावर बसवून वरपक्षाला दाखवलं. आता त्या दाखवण्याचीच जास्त किळस येते.

तिनं वरच्या पट्टीत एक गाणं म्हटलं. मुलाच्या वडलांनी तपकीर ओढली, बोटं नेसलेल्या वेष्टीला पुसली आणि म्हणाले, "लग्नानंतर हे ओरडणं बंद हं."

ताई खाली बघत राहिली. मी घरात सगळ्यांच्या नकला करायची, म्हणून आत्या घाबरून मला म्हणाली, "शांते, ताईची नक्कल कर गं, मंडळी जरा हसतील."

मी उठले आणि मुलाच्या वडलांचीच नक्कल केली, शिंकेसकट. ताई एवढी खळखळून हसली, की मंडळी चकलीसारखे मुरुक्कू ताटलीत तसेच टाकून उठली.