नेटवर्कबाहेरची मालिश

“मावशी, ते क्लिनिक नेटवर्कमध्ये आहे का?” जावईबापूंनी विचारलं.

मी माझा मोबाइल उचलून बघितला. “आहे की. सगळ्या काड्या भरलेल्या दिसतायत.”

ते हसले नाहीत. त्यांची बायको आतल्या खोलीत तापाने कुडकुडत होती आणि रस्त्यापलीकडच्या डॉक्टरकडे जायचं की नाही, हे हा माणूस अमेरिकेला फोन लावून विचारत होता. फोन स्पीकरवर होता. पलीकडे कुणी बोलत नव्हतं, नुसता बाजा वाजत होता.

माझं काम बाळ-बाळंतिणीच्या मालिशचं. शिक्षण चौथीपर्यंत. नवऱ्याला इथल्या गोदीत नोकरी लागली म्हणून सिंगापूरला आले आणि इथलीच झाले. टॅम्पिनीसला राहते, एमआरटीच्या लोकलने कामाला जाते. हे घर बुकित तिमाहच्या एका काँडोतलं, म्हणजे पैसेवाल्यांच्या सोसायटीतलं. मृणाल राहते अमेरिकेत, पण आईवडील इथे, म्हणून दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी आली होती. नवरा सौरभ बारशासाठी आला होता. बारसं दोन दिवसांवर होतं.

सकाळी मालिशला घेतली तेव्हा तिची डावी छाती लाल, गरम आणि एका बाजूला दगडासारखी लागली. दूध तुंबलं की असं होतं. शेकायचं, बाळाला आधी त्याच बाजूला पाजायचं, बहुतेकींचं त्यानेच मोकळं होतं. ते आम्ही कालपासून करत होतो. पण थंडी वाजून ताप आला की माझा हात थांबतो. आत पू धरला तर पुढे चिरा द्यावा लागतो. मी तिच्या आईला, सुनीताबाईंना सांगितलं, आता डॉक्टर.

मृणालच नको म्हणाली. “उद्या बघू ना मावशी.”

“उद्या काय नवीन बघायचंय?”

मग तिने पहिल्या खेपेचं सांगितलं. तिकडे असाच ताप आला म्हणून ती इस्पितळात गेली. इस्पितळ इन्शुरन्सच्या नेटवर्कमध्ये होतं. नेटवर्क म्हणजे कंपनीने ज्यांच्याशी आधी भाव ठरवलेत ते. पण त्या इस्पितळात तिला ज्या डॉक्टरने तपासलं तो नेटवर्कमध्ये नव्हता. त्याचं वेगळं बिल घरी आलं आणि ते फेडण्यात त्यांचं वर्ष गेलं.

“आता तसं बिल लावता येत नाही. कायदा झालाय,” सौरभ म्हणाले.

“मग ही कशाला घाबरते?”

“सवय,” मृणाल आतून म्हणाली.

सौरभ तिकडे इन्शुरन्स कंपनीतच आहेत. बाजा वाजतच होता, म्हणून मी विचारलं, “तुम्ही नेमकं करता काय?”

“इस्पितळाने पाठवलेलं बिल बरोबर आहे का बघतो. नसेल तर नाकारतो.”

“आणि इस्पितळात?”

“तिथे माझ्यासारखाच एक बसलेला असतो. मला बिल नाकारता येऊ नये अशा बेताने तो ते लिहितो.”

“दोघांचा पगार कोण देतं?”

“तसं बघितलं तर पेशंट,” ते म्हणाले. माणूस खोटं बोलणारा नव्हता.

पुढचंही त्यांनीच सांगितलं. कंपनी बिल कापणार हे इस्पितळाला माहीत, म्हणून ते आकडा आधीच फुगवतं. कंपनी कापते आणि पेशंटला सांगते, बघा, आम्ही तुमचे किती वाचवले. ज्याच्याकडे इन्शुरन्स नाही त्याच्या हातात तो फुगवलेलाच आकडा. हप्त्याचा मोठा वाटा मालक भरतो, म्हणून नोकरदाराला वाटतं फुकट आहे. तो पैसा त्याच्याच पगारातून गेलेला असतो. आणि एवढे हप्ते भरूनही आधी ठरावीक रक्कम स्वतःच्या खिशातून गेल्याशिवाय कंपनी हात ढिला करत नाही. एकाच तपासणीचा भाव शेजारशेजारच्या दोन माणसांना वेगळा.

“म्हणजे भाजीबाजार,” मी म्हटलं. “बाई अर्ध्याला मागणार म्हणून भाजीवाली दुप्पट सांगते.”

“तसंच.”

“तसंच कसं? वांगी नाही परवडली तर बाई घरी जाते. ही तापातली कुठे जाणार?”

बाजा संपेना. मी माझ्या मोबाइलवरून समोरच्या क्लिनिकला फोन लावला आणि किती पडतील ते विचारलं. तिथल्या मुलीने डॉक्टरची फी सांगितली, गोळ्यांचा अंदाज सांगितला आणि म्हणाली, “कम नाऊ, कॅन लाह.” म्हणजे आत्ताच या, जमेल. मी आकडा मोठ्याने सांगितला.

“जायच्या आधीच सांगतात?” सौरभनी विचारलं.

मृणाल उठून बसली. “आई, बाळाला घे,” म्हणाली आणि चपला शोधू लागली. नवऱ्याने फोन ठेवायचीही तिने वाट बघितली नाही.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. पू झाल्यासारखं वाटत नाही, गोळ्या सुरू करा, पाजणं थांबवू नका, उतार पडला नाही तर लगेच या, म्हणाल्या. मग पेन खाली ठेवून विचारलं, “इन्शुरन्स आहे का? असेल तर आजच खासगी स्पेशालिस्टकडे पाठवते, स्कॅन करून घेतील.”

“आणि नसेल तर?” मृणालने विचारलं.

“तर गोळ्या घेऊन बघा. चालेल.”

सौरभ माझ्याकडे बघून मराठीत म्हणाले, “हे आमच्याकडचंच वाक्य आहे, मावशी.”

तिकडचं झाड इथेही लागलंय, रोपं अजून लहान आहेत, एवढंच. आमच्या ब्लॉकखालच्या बाकावरही हल्ली खासगी इन्शुरन्सच्या हप्त्याची रड ऐकू येते.

मृणालने गोळ्या घेतल्या. ताप उतरला, गाठ मऊ पडत गेली. बारशाला पाळण्याची दोरी तिनेच धरली.

निघायच्या आदल्या दिवशी सौरभ म्हणाले, “मावशी, मालिशची पावती द्या. आधी सगळंच नाकारतात, पण मागे लागलं तर काहीतरी मिळेल. आकडा जरा मोठा लिहा, तिकडे कापतातच.”

“कोण कापतं?”

“माझ्यासारखाच कुणीतरी.”

मी घेतले तेवढेच लिहून दिले.

पुढे मृणालचा फोन आला. पावती परत आली होती. एक तर मी नेटवर्कमध्ये नाही. दुसरं, एवढ्या दिवसांच्या कामाचा आकडा इतका कमी कसा, याचा खुलासा हवा होता.

खुलासा मी पाठवला नाही. माझा दर मी दारातच सांगते. जमलं तर आत बोलवा, नाहीतर मी लिफ्टने खाली.